उन्हात न दिसणारी ज्योत

काकाजी म्हशींना शासन निर्णय वाचून दाखवत असत. धार काढायच्या वेळी गोठ्याच्या मधल्या वाटेत प्लास्टिकची खुर्ची टाकायची, एक काडी तुटलेला चष्मा एका हाताने धरायचा आणि "वाचा, संदर्भ एक, संदर्भ दोन" इथपासून मोठ्या आवाजात सुरुवात करायची. शेवटी "राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने" येईपर्यंत एकही ओळ गाळायची नाही. त्यांचं म्हणणं असं की जीआर वाचला की म्हशी शांत उभ्या राहतात आणि पान्हा नीट सोडतात.

"गानं लावलं तर शेपट्या मारतेत," ते मला म्हणाले होते. "जीआर वाचला की रवंथ करतेत. सरकारी कागदाचं तेवढंच कराचं असते, साहेब."

एकदा मला आलेला मेमोही त्यांनी असाच वाचून दाखवला. पूर्ण, माझ्या पदनामासकट, बावीस म्हशींसमोर. तो मेमो मला का आला हे सांगितल्याशिवाय काकाजींबद्दल लिहिणं म्हणजे मी पुन्हा एकदा काहीतरी लपवणं होईल. पण आधी माणूस सांगतो.

नागपूरच्या काटोल रोडवर, शहर संपतं असं माझ्या लहानपणी म्हणत त्या जागेच्या थोडं पुढे त्यांचा गोठा होता. शहर संपायचं थांबलं आणि गोठा तिन्ही बाजूंनी लेआउटमध्ये अडकला. एका बाजूला तीन मजली इमारती, दुसऱ्या बाजूला रांगेने बंगले, मागे नाला. मधे काकाजी, त्यांच्या बावीस म्हशी, एक कडुलिंबाचं झाड, कौलारू घर आणि घर नि गोठ्याच्या मधोमध गोबर गॅसची विहिरीसारखी टाकी. त्या टाकीवर उपडं घातलेलं लोखंडी पिंप तरंगायचं. गॅस साठला की पिंप वर यायचं, वापरला की खाली बसायचं. लोक सकाळी उठून पेपर बघतात, तसे काकाजी पिंप किती वर आलं आहे ते बोटांनी मोजत. "आज सहा बोटं" म्हणजे दिवस चांगला जाणार. "तीनच बोटं" असली की ते पिंपाला कान लावून उभे राहत, डॉक्टर लावतो तसा.

त्या टाकीला ते 'पोट' म्हणत. सगळा संसार त्यांनी पोटाभोवती मांडला होता. म्हशींची किंमत ते दुधावर करत नसत. दूध काय, सगळ्याच देतात. शेण कोण कसं देते ते पाहा, असं त्यांचं तत्त्व. गोठ्यातल्या सगळ्यात आडव्या म्हशीचं नाव तहसीलदारीण होतं. ती दूध कमी द्यायची, लाथा जास्त मारायची, पण तिचं शेण काकाजींच्या मते पहिल्या नंबरचं होतं. चिमूटभर शेण बोटांत चोळून ते सांगत, हिला काल सरकीची ढेप जास्त पडली, हिने चाऱ्यातलं कुटार, म्हणजे भुसा, सोडून दिलं. म्हशीला औषधाची सुई टोचली की तिचं शेण आठवडाभर पोटात जायचं नाही. "आतले किडे मरतेत," ते म्हणत. "आपन त्यायच्या भरोशावर जेवतो अन् त्यायलेच जहर द्याचं?"

घरात त्यांची सून होती. मुलगा ट्रकवर असल्याने महिन्यातून दोनदा घरी यायचा. सूनबाई हिंगण्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांना डबे द्यायच्या, रोज तीस-पस्तीस. सगळा स्वयंपाक त्याच गॅसवर. सासऱ्यांशी त्यांचं भांडण फक्त फिनाइलवरून. गोठा फिनाइलने धुवायचा त्यांचा आग्रह आणि फिनाइलचा एक थेंबही टाकीत जाऊ न देण्याचा काकाजींचा.

"मामाजी, माश्या होऊन राहिल्या ना!"

"होऊ दे वं. माशीनं कधी डबे बनवले का? किड्यायनं बनवले."



लेआउटच्या लोकांची त्यांच्याविरुद्ध वासाची तक्रार होती. तक्रारीवर पहिली सही सोसायटीच्या अध्यक्षांची. आता ही गोष्ट मला सूनबाईंनी सांगितली, त्यामुळे तिला थोडी फोडणी असेल. पोळ्याच्या दिवशी अध्यक्षांच्या घरी चाळीस पाहुणे आणि पुरण शिजत असताना सिलिंडर संपलं. सणाचा दिवस, दुसरं कुठून मिळणार? काकाजींच्या कानावर गेलं. त्यांनी ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब काढली, टाकीवरून गॅस भरून टम्म फुगवली, हातगाडीवर टाकली आणि आपली शेगडी घेऊन अध्यक्षांच्या अंगणात हजर झाले. गॅसला दाब यावा म्हणून ट्यूबवर दगड ठेवायला हवा होता. त्या फरशीच्या अंगणात दगड कुठला? मग काकाजी स्वतःच ट्यूबवर बसले. पुरण शिजेपर्यंत बसले. ट्यूब खाली जाईल तसे तेही हळूहळू खाली जात होते. पुरणाचं पातेलं उतरलं तेव्हा त्यांचे गुडघे छातीशी आले होते. उठायला अध्यक्षांनीच हात दिला.

"वास येते का पुरनाले?" काकाजींनी विचारलं.

"नाही हो, काकाजी."

"मंग अर्जात लिवा ना तसं. एक ओळ वाढवा."

अर्ज मागे घेतला गेला नाही. पण त्यानंतर दर रविवारी अध्यक्षांच्या घरून कोबीची पानं आणि उसाची चिपाडं गोठ्यावर यायला लागली.

धोरणांबद्दल काकाजींची मतं ठाम होती. ती ते पोस्टकार्डांवर लिहून निरनिराळ्या खात्यांना पाठवत. गोबर गॅस कधी एका खात्याकडे असतो, कधी दुसऱ्या, म्हणून एकच मजकूर ते तीन ठिकाणी टाकत. उत्तरेकडे बोट दाखवून म्हणत, "तिकडं कोराडीले कोळसा जाळून वीज करून राहिले, अन् इकडं गोठ्यागोठ्याचं शेन नाल्यात धुऊन राहिले. मंग नाला साफ कराले तीच वीज!" आता गावोगावचं शेण गोळा करून त्याचा गाड्यांसाठी गॅस करणारे मोठे कारखाने येणार, असं त्यांनी कुठल्याशा जीआरमध्ये वाचलं होतं. त्यावर त्यांनी कार्ड टाकलं होतं: मोठं पोट जरूर करा, पण लहान पोटं उपाशी ठेवून करू नका.

मी त्या वेळी शहरातल्या एका कार्यालयात कनिष्ठ अभियंता होतो, नाल्यांच्या विभागात. काकाजींच्या मागचा नाला वर्षातून दोनदा तुंबायचा. कारण आजूबाजूचे गोठे शेण पाण्याने धुऊन त्यात सोडायचे. काकाजी सोडत नसत, पण नाल्यात गेलेल्या शेणावर मालकाचं नाव नसतं. शेवटी आदेश निघाला: शहराच्या हद्दीतल्या ज्या गोठ्यांत शेणाची जागेवरच विल्हेवाट लागते, म्हणजे गोबर गॅस चालू आहे किंवा खत होतं, त्यांनी राहावं. बाकीच्यांनी महिन्याभरात जनावरं हद्दीबाहेर न्यावीत. आदेश चांगला होता. मी आजही म्हणेन, चांगला होता. पाहणीचं काम माझ्याकडे आलं.

मे महिना, नवतपा लागलेला. त्या नऊ दिवसांत नागपूरचा माणूस दुपारी उंबरठा ओलांडत नाही. मी सकाळपासून सहा गोठे पाहिले होते. पाच ठिकाणी गॅसच्या टाकीत कुटार भरून ठेवलेलं होतं आणि एका ठिकाणी कोंबड्या. प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की कालपर्यंत चालू होतं. त्यामुळे साडेबाराला काकाजींकडे पोहोचलो तेव्हा कुणावर विश्वास ठेवायचा नाही असं माझं ठरलं होतं.

मोबाइलवर एक फॉर्म भरायचा होता. संयंत्र आहे का? ज्योत दिसते का? आणि शेगडीचा फोटो. सूनबाईंचे डबे केव्हाच निघून गेले होते, शेगडी बंद होती. स्वयंपाकघरात अंधार. मी म्हणालो, "इथे फोटो येणार नाही. शेगडी बाहेर घ्या."

"बाहेर नका नेऊ, साहेब," काकाजी म्हणाले. "उन्हात ते दिसत नाई."

"काय दिसत नाही?"

"ज्योत. निळी हाये ना. उनाले लाजते."

सकाळपासून मी इतकी कारणं ऐकली होती की हे त्यातलंच एक वाटलं. "काकाजी, फोटो लागतोच," मी म्हणालो.

लांब रबरी नळीसकट शेगडी अंगणात आली. काकाजींनी चावी फिरवली, काडी लावली. 'भस्स' असा आवाज झाला. मला शेगडीवर हवा थरथरताना दिसली, बाकी काही नाही. पांढरं ऊन आणि काळी शेगडी. फोटो काढला, त्यात शेगडी होती आणि तिच्यावर पडलेली माझी सावली.

"थांबा," काकाजी म्हणाले. त्यांनी पातेलं ठेवलं. सूनबाईंनी दूध, साखर, ठेचलेलं आलं टाकलं. बघता बघता चहा उकळला, उतू गेला, शेगडीवर चर्र झालं. मी लिंबाखाली बसून तो चहा प्यालो. दोन कप. काकाजी समोर उकिडवे बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आता काय म्हनता?"

"चहा छान आहे," मी म्हणालो.

मोटरसायकलवर बसून मी फॉर्म भरायला घेतला. दोन महिन्यांपूर्वी मला एक मेमो मिळाला होता, अहवाल आणि फोटो जुळत नाहीत म्हणून. नाल्यावर झाकण आहे असं मी लिहिलं होतं आणि फोटोत ते आलं नव्हतं. त्या मेमोने माझी झोप उडवली होती. आता 'ज्योत दिसते का' पुढे 'होय' लिहिलं आणि फोटोत ती नसली तर दुसरा मेमो. प्रश्न होता, दिसते का? दिसत नव्हती. मी 'नाही' दाबलं. फॉर्मने खाली स्वतःच लिहिलं: संयंत्र बंद.

माझ्या जिभेवर अजून आल्याची चव होती. मी गाडीला किक मारली.

मी खोटं लिहिलं नाही, हे पुढचे पंधरा दिवस मी स्वतःला सांगत होतो. बायकोलाही सांगितलं. तिने फक्त विचारलं, "मग चहा कशावर झाला?" मी म्हणालो, तसा रकाना नव्हता.

काकाजींना नोटीस गेली. महिन्याभरात म्हशी हलवा, हरकत असेल तर अमुक दिवशी सुनावणीला या. ते भांडायला येतील म्हणून मी दोन दिवस जेवणाची सुटी लांबवत होतो. ते आले, पण भांडले नाहीत. टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, सुनावनीले एक म्हैस आनली तर चालते का? साक्षीले."

"नाही हो, काकाजी."

"तहसीलदारीन नाई आनत. गरीब पाहून आनतो एखादी."

मी हसलो नाही, कारण सोबत सूनबाई होत्या आणि त्या हसत नव्हत्या. त्या सरळ माझ्याशी बोलल्या.

"म्हशी गेल्या तर शेन गेलं, साहेब. शेन गेलं तर गॅस गेला. मंग मी काय सिलिंडरवर पस्तीस डबे करू? अन् मामाजीचं काय? हद्दीबाहेर आमची जागा नाई. म्हशी इकाच लागतीन. मामाजीनं तीस वर्सांत एक रात गोठ्याबाहेर काढली नाई."

मी म्हणालो, "सुनावणीत सांगा सगळं." म्हणजे तुम्ही सांगा. मी सांगणार नव्हतो. त्या वळल्या तेव्हा मी फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागलो, जे तिथे नव्हतं.

बाहेरच्या बाकावर आमच्या शिपायाने काकाजींना चहा-तंबाखूसोबत एक माहिती दिली, हे मला नंतर कळलं. अहवाल खोटा निघाला तर साहेब घरी बसणार, एक मेमो आधीच आहे. शिपायाची ती आपली अटकळ. पण काकाजी ती घेऊन घरी गेले.

सुनावणी आमच्या उपायुक्त मॅडमपुढे होती. कमी बोलणाऱ्या, आणि कागद वाचून येणाऱ्या. खोलीत दहा-बारा गोठेवाले होते. काकाजींचा क्रमांक आला. त्यांनी धुतलेलं धोतर आणि टोपी घातली होती, चष्मा हातानेच धरलेला.

"संयंत्र चालू आहे की बंद?" मॅडमनी विचारलं.

"चालू हाये, बाई."

"मग पाहणीच्या दिवशी ज्योत का दिसली नाही?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेकडे पाहिलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की ऊन होतं, आणि साहेब चहा प्याले. त्यातलं दुसरं वाक्य माझ्यावर येणार होतं आणि मी त्याची वाट बघत होतो.

"त्या दिवशी गॅस कमी होता," काकाजी म्हणाले. "पोट बिघडलं होतं. साहेबाची काई चूक नाई."

नवतप्यात गॅस कमी! त्या दिवसांत पिंप इतकं वर येतं की कडेने बुडबुडे सुटतात. थंडीत गॅस कमी पडला तरी जो माणूस "पोटाले उपास हाये" म्हणून तोंड फिरवायचा, पण बिघडलं असं कधी म्हणायचा नाही, त्याने चारचौघांत आपल्या पोटाला नावं ठेवली होती.

मागून सूनबाई ओरडल्या, "मामाजी! काहून खोटं बोलून राहिले?"

"तू चूप राय वं."

मॅडमनी वही पुढे ओढली. "म्हणजे त्या दिवशी संयंत्र बंद होतं, हे तुम्हालाही मान्य आहे. मग अहवाल बरोबरच आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी शूर माणूस नाही. त्या टोपणाचा आवाज आणि माझं उठणं यांत किती वेळ गेला ते मला माहीत आहे आणि ते सांगायची मला लाज वाटते. मॅडमची तारीख लिहून झाली होती. पुढची ओळ सुरू होत होती.

"मॅडम, त्या दिवशी मी चहा घेतला होता."

"कुठे?"

"यांच्याकडे."

"बरं?"

"त्याच शेगडीवरचा. अहवाल भरण्याच्या पाच मिनिटं आधी."

एक गोठेवाला हसला. मॅडमनी वहीवरून मान वर केली. "किती?"

"दोन कप."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "गाडी काढायला सांगा. आत्ता जाऊ."

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता, ऊन तसंच. मॅडम म्हणाल्या, शेगडी जिथे ठेवली होती तिथेच ठेवा. ठेवली. काकाजींनी काडी लावली. भस्स. मॅडम पदर डोक्यावर घेऊन वाकल्या, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

काकाजी शेगडीची चावी नुसतीच चाचपत राहिले. सुनावणीत बोललेल्या खोट्यामुळे आता खरं कुठून सुरू करावं हे त्यांना कळत नसावं. सूनबाई गोठ्यात पळाल्या आणि दोन मोठी पोती शिवून केलेली झूल घेऊन आल्या. थंडीत म्हशींच्या अंगावर घालतात ती. तहसीलदारणीची होती, हे वासावरून मलाही कळलं. सूनबाईंनी एक बाजू धरली, ड्रायव्हरने दुसरी, आणि शेगडीवर तंबू केला.

"घुसा आत," सूनबाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते स्पष्ट नव्हतं, म्हणून मॅडम आणि मी दोघेही घुसलो.

आत अंधार, उकाडा आणि म्हशीचा वास. आणि शेगडीवर गोल रांगेत, गोकर्णाच्या फुलांसारख्या, निळ्या ज्योती. इतक्या व्यवस्थित की कुणी मोजून लावल्यासारख्या. बाहेर ड्रायव्हर शिंकला, तंबू हलला, एक उन्हाचा पट्टा आत आला आणि तेवढ्या भागातल्या ज्योती पुसल्यासारख्या नाहीशा झाल्या. झूल सारखी झाली, पुन्हा आल्या.

"दिसते," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, उन्हात दिसत नाही म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मेमोची भीती वाटली, मॅडम."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "तो तर आता मिळणारच आहे," त्या म्हणाल्या आणि बाहेर निघाल्या.

बाहेर त्यांनी काकाजींना विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

"शिपाई म्हने साहेब घरी बसन. त्यायले दोन लेकरं असतीन, बाई."

"एकच आहे," मी म्हणालो.

"मंग अर्धंच खोटं धरा," काकाजी मॅडमना म्हणाले. मॅडमच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा हसू पाहिलं. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवून नोटीस रद्द केल्याची टिपणी लिहिली. बॉनेट इतकं तापलं होतं की खाली पोत्याची घडी घ्यावी लागली. पुढे त्यांनी फॉर्मही बदलून घेतला. आता त्यात लिहिलेलं असतं: शेगडीवर पाणी उकळून पाहावे. काकाजींनी यावर पोस्टकार्ड टाकलंच, की पाण्याने काय कळते, भाकर भाजून पाहावी.

मेमो मला आठवडाभरात मिळाला. तो घेऊन मी रविवारी काकाजींकडे गेलो, सोबत संत्रा बर्फीचा डबा. मेमो त्यांनी म्हशींना वाचून दाखवला ते वर सांगितलंच आहे. बर्फी सूनबाईंच्या हातात दिली. मग मी रात्रभर पाठ केलेलं बोलायला लागलो, की माझ्या हातून फार मोठी चूक झाली, तुमच्या म्हशी, तुमचं घर...

"तोंडानं माफी मागून राहिले का?" त्यांनी मला मधेच थांबवलं. "हात तं कोरडेच हायेत तुमचे."

त्यांनी मला टाकीच्या तोंडाशी नेलं. तिथे एक सिमेंटची कुंडी होती, तीत सकाळचं शेण आणि तेवढंच पाणी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बाह्या वर करून मी ते कालवायला बसलो. काकाजी खुर्ची टाकून देखरेख करत होते. काडी दिसली, काढा. खडा लागला, फेका. गोळी राहू देऊ नका, गोळी राहिली तर पोट दुखते. मी सरकारी नोकरीत इतकं बारकाईने काम कधी केलं नव्हतं. लेआउटमधल्या दोन बायका गॅलरीत येऊन बघून गेल्या. अर्ध्या तासाने काकाजींनी दोन बोटं घालून तपासलं, "जमलं" म्हणाले आणि कुंडीचं बूच काढलं. मी कालवलेलं सगळं घळघळ आवाज करत आत गेलं.

"आता हे सरकत सरकत जाईन," ते म्हणाले. "याचा पुरा गॅस व्हाले चाळीसेक दिवस लागतेत. तवा या जेवाले. तवा बोलू माफीचं."

मी घरी येऊन कॅलेंडरवर खूण केली. बायकोने कसली खूण म्हणून विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं, चहा कशावर झाला तेही. चाळिसाव्या दिवशी बरोबर बाराला मी गोठ्यावर हजर होतो. काकाजींनी अध्यक्षांनाही बोलावून ठेवलं होतं. सूनबाईंनी बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला होता, ज्वारीच्या भाकरी आणि भात. ताटं मांडली.

"आजचं जेवन साहेबाच्या हातच्या शेनावर झालं," काकाजींनी अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांचा हात ताटावर थोडा थांबला, मग पुढे गेला.

माझा घास मात्र हातातच राहिला. माफीचं आज बोलू असं ते म्हणाले होते आणि मला ते सुरू होण्याआधी संपवायचं होतं. मी म्हणालो, "काकाजी, एक विचारू? त्या टाकीत रोज बावीस म्हशींचं शेण जातं. मी कालवलं त्याचाच हा गॅस कशावरून? आणि मी फक्त अर्धा तास कालवलं. तुम्ही तर भर सुनावणीत माझ्यासाठी..."

"पोटात गेल्यावर कोनतं कोनाचं, हे वेगळं काढता येते का?"

"नाही."

"मंग भात थंडा काहून करून राहिला गा? जेव."

इतके दिवस मी त्यांचा 'साहेब' होतो; हे 'गा' पहिलंच. त्यांनी ताटात आणखी एक भाकरी टाकली, वर रस्सा ओतला, आणि मी नको म्हणालो नाही.